नेट वजन

डिचोलीच्या काट्यावर मी एकोणीस वर्षं ट्रक तोलते.
भरलेला येतो तो ग्रॉस, रिकामा जातो तो टेअर,
मधली माती कंपनीची.
खाण बंद होती तेव्हा काटाही बंद.
लोखंडी फलाटावर कुणाकुणाच्या म्हशी येऊन बसायच्या,
पावती न घेता उठून जायच्या.
त्या वर्षांत मी घरी बसून भरत गेले.

पर्वरीच्या इस्पितळात मला तोललं,
एकशे अठरा पूर्णांक चार.
चपला काढायला लावल्या होत्या.
पाटल्या नाहीत.
त्या निघत नाहीत, मी सांगितलं.
लग्नात साबण लावून चढवल्या,
मग हातच त्यांच्याभोवती वाढत गेला.

डेस्कवरची ज्युलियाना म्हणाली, अप्रूव्हल आलं.
मी कंपनीच्या पॉलिसीला हात जोडले, सांतेरीला जोडले,
गुरुदासला मिस्ड कॉल दिला.
तेवढ्यात तिने खालून दुसरा कागद काढला.

खोलीचं भाडं मर्यादेच्या वर,
म्हणून सगळ्याच बिलाला त्या प्रमाणात कात्री.
हातमोजे, टोप्या, गाऊन तुमच्याकडे.
स्टेपलरच्या पट्ट्या सहा लागणार, विमा तीन देणार.
मग पोट अर्धंच शिवणार का?
ज्युलियाना हसली नाही.
तिला हे आठवड्यातून दोनदा कुणीतरी विचारत असेल.
आणि प्रोग्राम फी, पंचेचाळीस हजार,
ऑपरेशनच्या आधी, पावती वेगळी,
ती विम्याला दाखवून उपयोग नाही.
कसला प्रोग्राम?
आहारतज्ज्ञ, समुपदेशन, एक फाइल
आणि मापाच्या रेघा असलेली एक पाण्याची बाटली.

माझ्या टेबलावरही स्टेपलर आहे.
दिवसाला दोनशे पावत्या टोचते.
पिनांची डबी कंपनी देते, पूर्ण.

गुरुदास म्हणाला, सोसायटीतून काढू.
सोसायटीत आमच्या ट्रकचं कर्ज
अजून पाय पसरून बसलंय.
सासूबाई पेज वाढता वाढता म्हणाल्या,
कमी जेव ना बाये, ते फुकट असतं.
मी कमी जेवून पाहिलंय.
तीन वेळा, दर वेळी वर्षभर.
गुडघ्यांना विचारा. रात्री गुरुदासला विचारा,
माझा श्वास थांबला की तो कोपराने ढोसतो,
आणि सुरू झाला की मगच स्वतः झोपतो.

शुक्रवारी वेर्णेकरांच्या दुकानात गेले.
शेटने पाटलीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवली,
बारीक करवत घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.
सोनं कापताना फार आवाज होत नाही.
घाम आला तो मलाच.
दुसरी कापताना तो म्हणाला,
सहा महिने थांबली असतीस बाये
तर आपोआप निघाल्या असत्या.
मी म्हटलं, शेट,
त्या आपोआप निघाव्यात म्हणूनच कापून घेतेय.
तो थांबला. मग पुन्हा करवत चालवली.
काट्यावर ठेवल्या. टाक्याची घट वजा, मळाची वजा.
इथेही ग्रॉस, इथेही नेट.
मिलिग्रॅममध्ये सांगितलं त्याने माझं लग्न,
आणि कागदाच्या पुडीत पैसे बांधून दिले.

बसमध्ये दांडा धरला तर मनगटावर
दोन पांढरे पट्टे,
तेवीस वर्षं ऊन न लागलेले.
शेजारच्या बाईने पाहिलं आणि पदर सावरत
खिडकीकडे तोंड केलं.
तिला वाटलं असेल, गेला हिचा नवरा.
मी सांगितलं नाही काही.

सोमवारी सकाळी ट्रक यायच्या आधी
मी चपला काढून फलाटावर उभी राहिले.
आत चंदू आकडा वाचणार होता.
आमचा काटा वीस-वीस किलोंनी बोलतो,
त्याच्या खालचं त्याला कळत नाही.
किती रे?
एकशे वीस, तो ओरडला.
पाटल्या नसतानाही.
मी आणखी थोडा वेळ उभी राहिले.
तेवढ्यात चढावर हॉर्न वाजला
आणि मी चपला उचलून बाजूला झाले,
नाहीतर पहिल्याच पावतीवर
मीही मातीत मोजली गेले असते.